हरणाला दिलेली दशमी
काल शेजारच्या शेतात रोही, म्हणजे नीलगाई, हाकलल्याचा ओरडा ऐकला आणि मला अंदमानातलं ते छोटं बेट आठवलं. दोन वर्षं पैसे साठवून मी आई, बायको आणि मुलीला तिकडे नेलं होतं. मोताळ्याहून निघाल्यापासून मुलीला एकच ध्यास होता, तिथल्या हरणाला हात लावायचा. नारळींच्या दाट सावलीत तिनं हात पुढे केला, ठिपक्यांचं एक हरीण हुंगायला आलं, तेवढ्यात दुसरं जास्वंद खाताना आईला दिसलं. रोह्यांपासून सोयाबीन राखण्यात तिचा जन्म गेलेला. "हाड! हाड!" पदर खोचून ती धावली. "पाहून काय राह्यला बे? हाकल!" ती मला ओरडली. हरणं पसार झाली. मुलगी रडकुंडीला आली, "आजी, ही बाग त्यांचीच आहे!" आई थबकली. "मंग राखण कोन करते?" "कोणीच नाही," मी म्हणालो. तिला ते खरंच वाटेना. कुरतडलेली झाडं ती वाकून वाकून बघत राहिली. मग पिशवीतली घरची दशमी काढून ती नातीजवळ न हलता बसली. परतीची बोट सुटायच्या जरा आधी हरीण पुन्हा आलं. "घे बाप्पा," आई म्हणाली, "तुह्याच गावात येऊन तुलेच हाकललं म्या." ते खात होतं, आणि मुलीचा हात त्याच्या मानेवर होता. त्या सहलीचा सगळा खर्च मला आजही तोंडपाठ आहे. त्यातला शेवटचा, एक दशमी, हरणाला.