माल्टाच्या बोटीवर

माझी मुलगी माल्टाला नर्स आहे. जळगावात, पिंप्राळ्यात आमच्या कॉलनीत हे सांगितलं की बायका आधी विचारतात, "मालदीव का?" मग मी सांगते, मालदीव नाही, माल्टा. इटलीच्या खाली समुद्रात एक छोटं बेट आहे, तिथं म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात ती कामाला आहे. लग्नाआधी ती जळगावातच एका दवाखान्यात होती. सासर धुळ्याचं, जावई इंजिनिअर. लग्नानंतर दोघं बरोबरच माल्टाला गेली. तिला काम लगेच मिळालं, त्याला मिळेना. शेवटी तो स्कूटरवरून लोकांच्या घरी जेवणाची पार्सलं पोचवायला लागला. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. आम्हाला एवढंच माहीत होतं की जावयाचं तिकडे बरं चाललं आहे, आणि मध्यंतरी त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून तो काही महिन्यांसाठी धुळ्याला येऊन राहिला आहे.

माझे यजमान सावद्याचे, केळीच्या बागांमध्ये वाढलेले. खत-बियाण्यांचं दुकान धाकट्या दिराच्या हवाली करून आम्ही जळगावला आलो त्याला बरीच वर्षं झाली. मी शाळेत शिकवत होते, आता निवृत्त आहे. यांचा स्वभाव शांत. आवाज चढलेला मी क्वचितच ऐकला. पण घरात कुठलाही अवघड विषय निघाला की हे उठतात, चपला घालतात आणि बाहेर जातात. माझ्या पोटात गाठ निघाली तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं मी अर्धंच सांगितलं असेल, हे सावद्याला निघून गेले. संध्याकाळी केळीचा घड घेऊन परत आले आणि म्हणाले, "ऑपरेशन कधी म्हने?" बोलणं पुढे सरकलं ते तिथून.

मुलगी बोलवत होती, हे टाळत होते. मग एकदा ती फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "नाना, एकदा तरी या ना." त्यानंतर पासपोर्ट निघाले, मुंबईच्या चकरा झाल्या, आणि उन्हाळा चढत असताना आम्ही तिकडे पोचलो. जळगावात तेव्हा अंग भाजत होतं. तिथं मात्र स्वेटर घालावा लागला.

तिचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकाचा कोपरा. सगळं आवरलेलं, स्वच्छ. पहिल्या दिवशी हे खिडकीत उभे राहून बराच वेळ खाली बघत होते. "झाड दिसत नाही एक," म्हणाले. खरंच नव्हतं. घरं पिवळ्या दगडाची, रस्ते पिवळे, आणि गल्लीच्या टोकाशी समुद्राचा निळा तुकडा.

चार दिवस ती आम्हाला जवळपास फिरवत होती. मग सुट्टीच्या दिवशी म्हणाली, आज बोटीनं बेटाला पूर्ण फेरी मारायची. सीझन सुरू व्हायचा होता म्हणून तिकीट स्वस्तात मिळालं होतं. यांना पाण्याचं फारसं आकर्षण नाही, पण मुलीनं काढलेलं तिकीट म्हणून तयार झाले. मी पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. मुलगी म्हणाली, "आई, जेवण तिकिटातच आहे." मी म्हटलं, असू दे.

बोट दोन मजली होती. वर उघडं, प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेनं लोखंडी कठडा. माणसं थोडीच. गोरे म्हातारे-म्हाताऱ्या बरेच, एक लहान मुलं असलेलं कुटुंब, आणि आम्ही. बोट सुटली तशी रेकॉर्ड केलेली माहिती सुरू झाली, आधी एका भाषेत, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. इंग्रजी आली की मुलगी आम्हाला मराठीत सांगायची. हा किल्ला, हे जुनं बंदर, इथं पूर्वी जहाजं दुरुस्त करायची. हे मान डोलवत होते. बंदराची भिंत मागे पडली आणि वारा सुटला, तेव्हा मी पदर कानाभोवती गुंडाळून घेतला.

मुलगी आमच्या समोरची खुर्ची ओढून बसली. किल्ल्यांचं सांगणं तिनं बंद केलं होतं.

"नाना, आई, एक सांगायचं आहे. मधे बोलू नका. मला एकदम सांगू द्या."

"सांग ना," हे म्हणाले.

"आम्ही वेगळे झालोय."

यांनी जरा विचार केला. "बरं केलं. वेगळं राह्यलेलं बरंच असते. पन तुमचं घर इथं, ते लोक धुय्याले. वेगळं व्हायचं काय राह्यलं होतं?"

मलाही तसंच वाटलं होतं. आमच्याकडे वेगळं होणं म्हणजे चूल वेगळी होणं. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं.

"नाना, सासरच्यांपासून नाही. आम्ही दोघं."

तेवढ्यात शेजारचे गोरे आजोबा मोबाइल पुढे करून तिला काहीतरी म्हणाले. फोटो काढून हवा होता. ती उठली, दोघा म्हाताऱ्यांना कठड्याशी उभं केलं, हसून फोटो काढला, आणखी एक काढला, मोबाइल परत दिला आणि येऊन पुन्हा आमच्यासमोर बसली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू जायला जरा वेळ लागला.

"कधी झालं हे?" मी विचारलं.

"मागच्या पावसाळ्यात."

"पावसाळ्यात?" हे म्हणाले. "दिवाळीले तो आपल्या घरी जेवून गेला."

"मीच त्याला जायला सांगितलं होतं. म्हटलं, एवढी दिवाळी जाऊ दे."

दिवाळीत जावई धुळ्याहून आला होता. मी मांडे केले होते. यांनी त्याच्यासाठी शर्टाचं कापड स्वतः बाजारात जाऊन आणलं होतं, आणि जेवताना मोबाइल वरणाच्या भांड्याला टेकवून ठेवला होता, म्हणजे मुलगी तिकडून दिसेल. ती दिसत होती, हसत होती. जावई म्हणाला होता, "बघ, तुझ्या वाटणीचं मी खातोय."

मग ती सांगत गेली. त्याला काम मिळेना. डिग्री इथं चालेना. पार्सलं देताना एकदा त्याच्याच कॉलेजचा कोणी तरी दारात भेटला, तेव्हापासून तो घरी बोलायचाच बंद झाला. तिच्या पगारावर घर चालतं हे त्याला सोसेना. म्हणाला, परत जाऊ. ही म्हणाली, परत जाऊन मी काय करू? तो म्हणाला, मग तू राहा.

"भांडण पण नाही झालं गं आई," ती म्हणाली. "झालं असतं तर मिटवता आलं असतं."

यांनी एकच विचारलं. "धुय्याच्या लोकाईले माहीत आहे?"

"हो. पहिल्यापासून."

हे उठले. हात खाली गेला, जणू चपला शोधायच्या होत्या, पण चपला पायातच होत्या. कठडा धरत धरत मागच्या टोकापर्यंत गेले. तिथं बोट संपत होती. थोडं थांबले आणि दुसऱ्या बाजूनं पुढे आले. आमच्या जवळून गेले, पुन्हा मागे गेले. असे ते बोटीवर फिरत राहिले. गोऱ्या माणसांना वाटलं असेल, यांना सगळं बेट बघायचं आहे.

"इथं कशाला सांगितलं?" मी मुलीला म्हटलं. "घरी नसतं का सांगता आलं?"

"घरी सांगितलं असतं तर नाना निघून गेले असते. परक्या गावात मी त्यांना कुठं शोधत बसणार होते?"

हिनं हा बेत किती दिवसांपासून केला असेल, एवढंच मनात आलं.

दुपारी जेवण लागलं, ते आम्ही घेतलं नाही. दशम्याही पिशवीतच राहिल्या. बोट वळसा घालून बेटाच्या मागच्या बाजूला आली. तिकडे उंचच उंच कडे सरळ पाण्यात उतरलेले होते आणि लाटा मोठ्या. खुर्च्या सरकायला लागल्या. एका गुहेपाशी बोट थांबवली. तिथलं पाणी निळंशार, आतून दिवा लावल्यासारखं. सगळे कठड्याशी धावले. मी पाहिलं तेव्हा हे मागच्या कोपऱ्यात वाकलेले होते आणि ओकत होते.

मुलगी माझ्या आधी पोचली. एक हात त्यांच्या कपाळाला लावला, दुसरा पाठीवर, आणि कागदी पिशवी कुठून आणली कोण जाणे, ती पुढे धरली. "तोंडानं श्वास घ्या, नाना. पाण्याकडे बघू नका. लांब, जमिनीकडे बघा." हे तसं करत गेले. आयुष्यात यांनी कोणाचं इतकं ऐकलेलं मी पाहिलं नाही. ओकारी थांबल्यावर तिनं चूळ भरायला पाणी दिलं, ओल्या रुमालानं तोंड पुसलं.

"इथल्या म्हाताऱ्याईचं पन असंच करते का तू?" यांनी विचारलं.

"हो."

"चांगलं करते," हे म्हणाले, आणि खांद्यावरचा तिचा हात हळूच बाजूला केला.

परतीच्या वाटेवर पोरं झोपली होती, वारा बोचत होता, आणि रेकॉर्डवरची बाई एकेका भाषेत आभार मानत होती. बंदरात उतरल्यावर हे आमच्यापासून चार पावलं लांब गेले आणि मुलीनं घेऊन दिलेल्या फोनवरून धुळ्याला व्याह्यांना फोन लावला. दर रविवारी दोघांचं बोलणं व्हायचं. भाव काय, पाऊस काय, तब्येत कशी. व्याही अहिराणीत बोलतात, आणि फोनच्या शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "आठे बठ्ठं बरं शे," म्हणजे इकडे सगळं बरं आहे. यांना तो फोन फार आवडायचा. सावदा सुटल्यापासून यांना मित्र असा तेवढाच होता.

यांनी फोन कानाला जोरात दाबून धरला होता, तरी पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता.

"तुम्हाले माहीत होतं?"

मग व्याही म्हणाले, "भाऊ, सांगानी हिंमतच नही झायी."

यांनी फोन बंद केला. त्यानंतर तो रविवारचा फोन कधी झाला नाही.

राहिलेले दिवस हे सकाळी बाहेर पडायचे आणि समुद्राच्या कडेच्या बाकावर बसून राहायचे. जेवायला यायचे, जेवायचे. मुलगी ड्यूटीवरून आली की तिच्याकडे बघायचे, ती बोलायला लागली की खिडकीकडे. विमानतळावर तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वाद काय दिला ते ऐकू आलं नाही.

जळगावला आल्यावर शेजारच्या बाई प्रवासाचं विचारायला आल्या. मी पाणी आणायला आत गेले आणि बाहेर यांचं बोलणं ऐकलं. "फार सुंदर आहे. जावयानं बोटीनं फिरवलं. दोघाईचं छान चाललं आहे." मी पाण्याचा पेला हातात घेऊन स्वयंपाकघरातच उभी राहिले. शेजारीण गेल्यावर मी काही विचारलं नाही, यांनीही काही सांगितलं नाही. पुढे नातेवाईक आले, सावद्याहून दीर आला, सगळ्यांना हेच. मुलीनं जे एका दिवाळीपुरतं केलं होतं, ते आता आमच्या घरात रोजचं झालं.

हिवाळ्यात ती कोर्टाच्या तारखेसाठी आली. यांना मी आधी सांगितलं होतं. तारखेच्या दिवशी सकाळीच हे सावद्याला निघून गेले. आम्ही दोघी बसनं धुळ्याला गेलो. एरंडोल येईपर्यंत ती खिडकीला डोकं लावून झोपली होती, का नुसते डोळे मिटले होते, कळलं नाही. कोर्टाच्या आवारात जावई आईवडिलांबरोबर उभा होता. वाळला होता. आम्हाला बघून तो गेला आणि चहाचे दोन कप घेऊन आला. "आई, चहा घ्या," म्हणाला. मुलीलाही दिला. तिनं घेतला. विहीण बाकावर बसून रडत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले तर तिनं माझा हात धरला आणि आत बोलावणं येईपर्यंत सोडला नाही. व्याही लांबच उभे होते. आत जाताना जवळ येऊन म्हणाले, "भाऊ नही उना?" मी म्हटलं, "नाही आले." आतलं काम लवकर आटोपलं. बाहेर आल्यावर दोघांनी एकमेकांना "येतो", "येते" म्हटलं, कोणाच्या घरून निघताना म्हणतात तसं.

दोन दिवसांनी ती परत निघाली. संध्याकाळच्या गाडीनं मुंबई, तिथून विमान. हे स्टेशनवर आले. तिची जड बॅग मला उचलू दिली नाही, हमालालाही नाही. जिना चढताना दोनदा थांबले. गाडीत बॅग सीटखाली नीट सरकवली, पाण्याची बाटली आणून दिली. ती म्हणाली, "नाना, फोन करत जा ना." हे म्हणाले, "पोचली की सांग." गाडी हलली. ती दिसेनाशी झाल्यावरही हे तिथंच उभे होते. मग मी म्हटलं, चला.

रिक्षात बसलो. रिक्षावाला पिंप्राळ्याचाच, तोंडओळखीचा. त्यानं आरशातून बघत विचारलं, "काका, कोन गेलं?"

"पोरगी," हे म्हणाले. "सासरी गेली."

"लांब दिली का?"

"हो," हे म्हणाले. "लांबच दिली."

मी दुसऱ्या बाजूनं बाहेर बघत राहिले.