न मागितलेलं नातवंड

७ फेब्रुवारीला कुमुदताईंचं स्वयंपाकघर आवरायचं काम माझ्याकडे आलं. त्या गेल्याला महिना होत आला होता. त्यांची सून शालिनी बरण्या पुसत होती, मी खोकी भरत होते.

कुमुदताई साताऱ्याकडच्या, यजमान हवाई दलात. लखनऊजवळच्या बख्शी का तालाब गावातल्या सरकारी दवाखान्यात त्या कुटुंब नियोजनाच्या नर्स होत्या. निवृत्तीनंतर आमच्या शेजारी राहायला आल्या. मी ओळख करून घ्यायला गेले, तर पाणी विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "मुलं किती? पुढे काय ठरवलंयस?"

"एक. बास."

"हे तुझं उत्तर, की नवऱ्याचं?"

"माझं."

"मग ये, बस."

नोकरीतल्या गोष्टी त्या रंगवून सांगत. गावातली एखादी सासू दारातच खाट टाकून बसलेली असायची. ताई तिच्याच खाटेवर टेकायच्या. "अम्मा, आपको पोता चाहिए, समझ गई. अब ज़रा बहू को बुलाइए, बोलना उसको है." सासू कितीही फणफणली तरी सून बाहेर आल्याशिवाय ताई उठत नसत. कुणी तांबी बसवून मागायची, कुणी म्हणायची अजून एक हवंय. ताईंना दोन्ही सारखंच. "आपलं काम विचारायचं," त्या म्हणत, "उत्तर वळवायचं नाही."

दर संक्रांतीला आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमधल्या तान्ह्यांचं बोरन्हाण ताईंकडेच व्हायचं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं-चुरमुऱ्यांचा वर्षाव आणि ते वेचायला पोरांची झुंबड. मग पोरं कमी होत गेली. कुणी एकावर थांबलं, कुणी तेही नको म्हणालं. गेल्या वर्षी हळदीकुंकू झालं, पण न्हाऊ घालायला एकही बाळ नव्हतं.

"ताई, जन्मभर 'पुरे करा' सांगत फिरलात, ऐकलं बघा सगळ्यांनी!" कुणीतरी टोमणा मारला.

"निवृत्तीनंतर ऐकलं मेल्यांनी! तेव्हा ऐकलं असतं तर बढती तरी मिळाली असती."

सगळ्या हसल्या. तेवढ्यात देशमुखकाकूंनी शालिनीला गाठलं. "पुढच्या वर्षी तुमच्याच घरचं बोरन्हाण ना गं? की डॉक्टरला दाखवायला हवंय?"

शालिनी लखनऊचीच. तिला मराठी समजतं, बोलते मात्र हिंदीत. तिनं हातातला तिळगुळाचा डबा काकूंपुढे धरला. ताईंनी करंडा खाली ठेवला.

"डॉक्टर कशाला? तिला मूल नकोय. मी विचारलं, तिनं सांगितलं. काकू, वाण घेतलंत का?"

बायका गेल्यावर मी कप विसळत होते. ताई सवयीनं आणलेल्या बोरांची पिशवी घेऊन ओट्याशी उभ्या होत्या.

"मला हवं होतं गं एक नातवंड. फार हवं होतं."

"मग शालिनीला सांगा की."

"सांगितलं तर ती हो म्हणेल. जीव लावणारी पोर आहे. म्हणून तर सांगायचं नाही."

हे मी कुणाजवळ बोलले नाही. आता स्वयंपाकघर आवरताना, बरणी पुसता पुसता, मान वर न करता शालिनीनं विचारलं, "आंटी, मम्मीजी को सच में कोई फर्क नहीं पड़ा था ना?"

"ही कढई कुठल्या खोक्यात घालू?" मी म्हटलं. तिनं बोटानं एक खोकं दाखवलं.

घरी आल्यावर पोळ्या लाटताना ते डोक्यातून जाईना. ताई असताना हे सांगणं म्हणजे शालिनीला गळ घालणं झालं असतं. आता गळ घालणारं कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघण्याआधी मी तिची बेल वाजवली.

"फरक पडला होता," मी दारातच सांगितलं. "नातवंडासाठी त्यांचा जीव तुटत होता. पण त्यांच्यासाठी तू हो म्हणशील, या भीतीनं त्यांनी तोंड उघडलं नाही."

शालिनी दाराची चौकट धरून उभी राहिली. बराच वेळ रडली.

"बोल देती, आंटी. उनके लिए हाँ बोल देती मैं."

"माहीत होतं त्यांना," मी म्हटलं, आणि आत जाऊन चहा ठेवला.