आईचं नाव घेतलं तो रविवार

मध्य भारताचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी आठ वर्षांची होते. आईला क्षय झाला आणि तिला इंदूरबाहेरच्या दवाखान्यात ठेवलं. बाबा मिलमध्ये कारकून. देवासच्या आत्यानं मला ठेवून घेतलं नाही. तिलाही लेकरं होती, ती भ्यायली. शेवटी बाबांनी मला छावणीतल्या मिशनच्या बोर्डिंगात पोचवलं.

तिथल्या बाई नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. बाकी मुली हिंदी-माळवी बोलायच्या, म्हणून मीही त्यांना बाईजीच म्हणायची. त्या वेणी फार हलक्या हातानं घालायच्या. आई केस ओढायची. मला ते ओढणंच हवं असायचं.

एका रविवारी चर्चमध्ये त्यांनी सांगितलं, "आज देशोदेशीची माणसं मुलांसाठी प्रार्थना करतायत. ज्यांना घर नाही, ज्यांचे मायबाप लढाईत गेले, जी आजारी आहेत, त्या सगळ्यांसाठी."

"त्यांना आमची नावं माहीत आहेत?" मी विचारलं.

"नाहीत गं. देवाला माहीत आहेत."

प्रत्येकीनं एका मुलाचं नाव मोठ्यानं घ्यायचं होतं. कुणी भावाचं घेतलं, कुणी सिंधहून आलेल्या मैत्रिणीचं. मी आईचं घेतलं.

"अरे, वो तो बड़ी है!" मागून हसू फुटलं.

बाईजी हसल्या नाहीत. "तीही कुणाची तरी लेकच आहे. पुन्हा घे, नीट ऐकू येईल असं."

मी पुन्हा घेतलं. सगळ्या 'आमेन' म्हणाल्या. विलायतेत, आफ्रिकेत डोळे मिटून बसलेल्या कुणाला तरी ते ऐकू गेलं असेल, असं मला दिवसभर वाटत राहिलं.

बाबा भेटायला आले तेव्हा भीत भीत सांगितलं. आमच्या घरी खंडोबाचा कुळाचार, वाटलं, रागावतील. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "तिला सांगतो हं."

दीड वर्षानं आई घरी आली आणि बाबांनी मला बोर्डिंगातून परत आणलं. मी टांग्यातून उतरून धावले, तर तिनं हात पुढे करून मला थांबवलं.

"तिथूनच बोल, बाळ."

डॉक्टरांनी जपायला सांगितलं होतं. तिची खोली वेगळी, ताट-वाटी वेगळी. मी दारात बसून तिला शाळेतलं सांगायची. एकदा तिनं विचारलं, "तिकडे तुला कुणी जवळ घ्यायचं का गं?"

"बाईजी घ्यायच्या."

"बरं झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

आई पूर्ण बरी झाली, डॉक्टरांनी मोकळीक दिली, तोवर मला बारावं लागलं होतं. त्या दिवशी तिनं मला आत बोलावलं. मी जाऊन शेजारी बसले. कुशीत शिरायचं होतं, पण कसं शिरतात तेच मला सुचेना, आणि बहुतेक तिलाही. तिनं मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं. आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून मटार सोलत राहिलो.