होनोराताने पाहिलेली गाडी

ब्रॉनिस्लाव वोयतासच्या कपड्यांना गंधकाचा वास यायचा, आणि हॅमट्रॅमिकमधल्या त्याच्या गल्लीत त्या वासाचं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर तो म्हणे, "कारखान्यात असतो." डेट्रॉइटला लागून असलेल्या त्या गावात कारखान्यात नव्हतं कोण? त्यामुळे पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे.

वास मातीचा होता. कंपनीच्या डिझाइनच्या इमारतीत नव्या गाड्या आधी मातीच्या बनत, अगदी खऱ्या मापाच्या. लाकडी सांगाड्यावर भट्टीतून काढलेली गरम तपकिरी माती हाताने थापायची, गार झाली की पोलादी पट्टीने तासायची, आणि नकाशातली रेघ मातीत उतरेपर्यंत तासत राहायचं. मग वरून रंगीत चकचकीत कागद चढवायचा. साहेब लोक येत, लांबून पाहत, "हे जरा खाली घ्या" म्हणत आणि जात. कागद निघायचा, पुन्हा पट्टी चालायची. ब्रॉनिस्लावचा बाप चर्चसाठी प्लास्टरचे संत बनवायचा. संतांची नाकं आणि वस्त्रांच्या चुण्या तासून पोराचा हात तयार झाला होता. अठ्ठेचाळीस साली कंपनीने त्याला घेतलं आणि सगळ्यात महागड्या चार-दारी गाडीच्या खोलीत टाकलं.

त्या खोलीचा मुख्य हॅलोरन नावाचा आयरिश माणूस होता. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "हे बघ वोयतास, ही गाडी दरवर्षी बदलते. बदलायलाच हवी. गेल्या वर्षीची ज्याने घेतली त्याला यंदाची बघून स्वतःच्या गाडीची थोडी लाज वाटली पाहिजे. फार नाही, थोडी. ते थोडंसं म्हणजे आपलं काम."

खोली दोन-तीन वर्षं पुढे चालत असे. बाहेर लोक अठ्ठेचाळीसची गाडी घेत, तेव्हा आत एक्कावन्नची घडत होती. बाहेर एक अक्षर बोलणार नाही, बायकोजवळसुद्धा नाही, असा कागद सगळ्यांकडून सही करून घेतलेला होता.

ब्रॉनिस्लावची बायको होनोराता त्या कागदावर खूप हसली होती. "बाकीच्यांचे नवरे तसेच लपवतात," ती थोरल्या बहिणीला, यादविगाला म्हणाली, "माझा सही करून लपवतो." चौदाव्या वर्षापासून ती सिगारच्या कारखान्यात पानं वळत होती. पानाची जाडी तिला डोळ्यांनी बघावी लागत नसे, बोटांनाच कळायची. मूलबाळ झालं नाही. यादविगा विधवा होती आणि त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. ती बोलायची जास्त आणि ऐकायची कमी.

दर ऑक्टोबरात जोसेफ कॅम्पो रस्त्यावरच्या शोरूमच्या काचांवर कागद चिकटवलेले असत. ते निघाले की त्या रविवारी चर्चहून परतताना नवरा-बायको तिथे जात. गाडी घ्यायची त्यांची ऐपत नव्हती, हे विक्रेत्यालाही माहीत होतं. होनोराता हातमोजा काढून गाडीच्या कडेने चालत जायची, पंजा पत्र्यावरून फिरवत. गाडी बाहेर आली की बंदी उठलेली असे.

"तुझं कुठलं?" ती विचारायची.

एक्कावन्नला त्याने मागच्या दिव्यावरचा उंचवटा दाखवला, बोटाच्या पेराएवढा. बावन्नला तो जरा लांबला. त्रेपन्नला गाडीच्या तोंडात चकचकीत दात आले. ते दुसऱ्याच्या हातचे होते आणि होनोराताला मुळीच आवडले नाहीत. पंचावन्नला समोरची काच दोन्ही कुशींना वळली, आणि मागच्या उंचवट्याचा चांगला पंख झाला, माशाच्या पाठीवर असतो तसा. त्या पंखाची आतली बाजू ब्रॉनिस्लावने सात आठवडे तासली होती. होनोराताने त्यावरून दोनदा हात फिरवला.

"ही बरी झालीय," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

विक्रेत्याला ती दरवर्षी गंभीरपणे विचारायची, "मागच्या वर्षीचीला काय झालं होतं?"

"काही नाही बाई, म्हातारी झाली."

"एका वर्षात?"

"आमच्याकडे लवकर होतात."

मग दोघं बेकरीत जाऊन जॅम भरलेल्या पोंच्की घेत आणि चालत घरी येत.

सत्तावन्नच्या ऑक्टोबरात अठ्ठावन्नची गाडी आली. तिच्या अंगावर इतका चकचकाट होता की बघणाऱ्याने डोळे बारीक करावेत. होनोराता अर्ध्यापर्यंत चालली आणि विक्रेत्याच्या खुर्चीत बसली.

"फार नटवलीय यंदा," ती म्हणाली. "लग्नात नवऱ्यामुलाची मावशी नटते तशी." ब्रॉनिस्लाव हसला, मग त्याचं लक्ष तिच्या ओठांकडे गेलं. ते पांढरे पडले होते.

नोव्हेंबरात इस्पितळात तिचं पोट उघडलं आणि काही न करता परत शिवलं. डॉक्टरने ब्रॉनिस्लावला बाजूला घेऊन सांगितलं की वसंत ऋतू कदाचित मिळेल, उन्हाळा नाही. बायकोला सांगू नका, अल्सर म्हणा. घरी सगळे अल्सर म्हणू लागले. यादविगा म्हणाली, पाद्री म्हणाले. होनोरातासुद्धा म्हणायची, "माझा अल्सर आज गप्प आहे."

त्या हिवाळ्यात खोलीत साठ सालची गाडी घडत होती. एकोणसाठची आधीच साच्यांकडे गेली होती. तिचे पंख सगळ्यात उंच होते, माणसाच्या कमरेवर येतील एवढे. साठसाठी वरून हुकूम आला की पंख पुरे, खाली घ्या. पंखांचा हात ब्रॉनिस्लावचा, म्हणून कापायलाही त्यालाच सांगितलं. आधी पाऊण इंच गेला, मग दोन इंच. फेब्रुवारीत हॅलोरन म्हणाला, "अजून. नुसती एक धार राहू दे." दहा वर्षं पेराएवढ्या उंचवट्यापासून जे वाढवलं होतं त्याच्या तपकिरी साली पायाशी पडत होत्या आणि संध्याकाळी झाडूने गोळा होऊन परत भट्टीत जात होत्या.

होनोराताचा पलंग आता पुढच्या खोलीत खिडकीशी आणला होता. एका रविवारी दुपारी तिने विचारलं, "सध्या कुठलं साल चाललंय तुमचं? साठ ना?"

"हो."

"कशी आहे?"

"बघशीलच की तू."

आठवड्याने तिने पुन्हा विचारलं. "एवढंच सांग, पंख आहेत ना?"

"सही केलीय होनोरका."

"मी कुणाला सांगणार आहे? पाद्रीबाबांना? त्यांना सायकलसुद्धा चालवता येत नाही."

"पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर आला की आपण जाऊ," तो म्हणाला. "चालत जाऊ. तेव्हा बघ."

जिन्यात यादविगाने त्याला गाठलं. "सांगून टाक ना रे. तुझ्या त्या पत्र्याच्या डब्यांचं काय एवढं गुपित? मरणाऱ्या बाईला..." तो शब्द तिच्या तोंडून प्रथमच निघाला होता. तिने पीठ लागलेल्या मनगटाने डोळे पुसले आणि वर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो हॅलोरनपुढे उभा राहिला. दहा वर्षांत त्याने साहेबाकडे काही मागितलं नव्हतं. बायको आजारी आहे, तिला साठची गाडी कशी आहे ते सांगू का, असं त्याने विचारलं. हॅलोरनने सिगारेट विझवली.

"तू मला काही विचारलंच नाहीस," तो म्हणाला. "जा घरी, आजची सुट्टी घे. आणि सगळं सांग तिला. दाराच्या मुठीपर्यंत सगळं."

ब्रॉनिस्लाव बसऐवजी चालत निघाला. इतके दिवस त्याला वाटत होतं की त्या कागदामुळे तोंड उघडत नाही. आता कागद आड नव्हता. तरी दारापाशी पोचेपर्यंत त्याला कळून चुकलं होतं की आपल्याला जमणार नाही. साठची गाडी तिला आज सांगायची म्हणजे पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात ती तू बघणार नाहीस, हे सांगायचं. आणि पंख गेले, माझ्याच हाताने गेले, हेही सांगायचं.

"आज लवकर?" होनोराता म्हणाली.

"काम कमी होतं."

यादविगाने रोसूल आणून ठेवलं, कोंबडीचं निवळ सूप. होनोराताने दोन चमचे घेतले आणि वाटी बाजूला केली. मग गोधडी सपाट केली आणि बोटाने तिच्यावर रेघ ओढू लागली. "मी सांगते. तू नुसतं हो नाहीतर नाही म्हण. सांगितलंस असं होत नाही ना ते?" बोट हळू पुढे सरकलं. "नाक इथून, जरा खाली. छप्पर हे असं, बारीक. आणि मग इथून पंख. पण त्या एकोणसाठवाल्यांसारखे ताठ नसतील, कंटाळला असशील तू त्यांना. वर जाऊन मग मागे वळलेले, पंचावन्नसारखे, पण मोठे." बोट गोधडीच्या कडेशी थांबलं. "असंच ना?"

एकोणसाठच्या पंखांविषयी तो घरी कधीच बोलला नव्हता. झोपेत बोलत असेल.

"असंच," तो म्हणाला.

"अगदी असंच?"

"अगदी."

तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली, आणि हात गोधडीवरच ठेवून डोळे मिटले.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. चर्चहून दफनभूमीकडे घरच्यांसाठी अंत्यविधीवाल्याने जी गाडी पाठवली ती कंपनीचीच होती, छप्पन्नची. दहा वर्षं ती गाडी बनवूनही, ती धावत असताना आत बसण्याची त्याची ती पहिलीच वेळ. आत आवाज मुळीच येत नव्हता. यादविगा रडत होती आणि तेवढंच ऐकू येत होतं.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तो शोरूमकडे फिरकला नाही. पुढच्या वर्षी काचांवरचे कागद निघाले तेव्हा यादविगा टोपी घालून खाली आली. "चल. साठची आलीय. होनोराताने मला दाखवली होती ती कशी असेल, औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर काढून. तू सांगितलंस म्हणाली."

तो नको म्हणाला, पण यादविगाला नको म्हणून कधी कुणाचं चाललं नव्हतं.

गाडी गडद निळी होती. पाठ जवळजवळ सपाट, कडेला नुसती एक धार. यादविगाने पुढून पाहिलं, मागून पाहिलं, आणि विक्रेत्याला विचारलं, "साठची कुठली?"

"हीच बाई."

ती ब्रॉनिस्लावकडे वळली. "ही ती नाही."

"नाही," तो म्हणाला.

"पंख कुठायत? वर जाऊन मागे वळलेले?"

"मी कापले. ती विचारत होती तेव्हा कापतच होतो."

विक्रेता दोन पावलं मागे सरला. यादविगाने हातातली पिशवी घट्ट धरली. ती रागावेल असं त्याला वाटलं, आणि तशी ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तिला कळलं होतं का?" त्याने विचारलं.

"मला काय ठाऊक," यादविगा हळू म्हणाली. "पाकिटावर काढताना खूश होती. तीनदा खोडून पुन्हा काढली. तो वळसा तिला नीट जमत नव्हता."

"पाकीट कुठंय?"

"कुठं असणार. औषधं संपली, टाकलं."

त्या सोमवारी ब्रॉनिस्लावने हॅलोरनकडे दुसऱ्यांदा काही मागितलं. मालट्रकांच्या खोलीत जागा असेल तर तिकडे पाठवा. हॅलोरन म्हणाला, तिथे तुझ्या हाताला काम नाही, ट्रकचं नाक दहा-दहा वर्षं तेच राहतं. "तेच हवंय," ब्रॉनिस्लाव म्हणाला.

अकरा वर्षं तो तिथे होता. खोलीला कुलूप नव्हतं, दुपारी सगळे दार उघडं टाकून जेवत. ट्रकविषयी घरी बोलायला मनाईही नव्हती. रविवारी यादविगा सूप घेऊन खाली यायची आणि शेजाऱ्यांच्या भानगडी सांगत बसायची. कधी मधे थांबून म्हणायची, "आणि तुझं काय चाललंय तिकडे?"

"तेच," तो म्हणायचा. यादविगा वाटी त्याच्या पुढे सरकवायची आणि पुढची भानगड सांगू लागायची.