निळे हेडफोन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मी डब्यातली चोरून खाल्लेली साखरसुद्धा लपवू शकलेलो नाही. मग हे इतकी वर्षं कसं लपलं? खरं सांगायचं तर लपवायला फार काही करावंच लागलं नाही. शाळेत खेळाचा मास्तर, कवायतीला खणखणीत आवाज, गळ्यात शिटी, रविवारी रायफल क्लबात कोच. अशा माणसाला कोण विचारणार — सर, तुम्हाला ऐकू येतं का?

येत नव्हतं.

बघा, निम्मं सांगून झालं. पण हे निम्मं सोपं आहे. बहिरं असणं हा काही गुन्हा नाही. मला पोहोचायचंय ते पुढच्या निम्म्याशी, आणि तिथं यायला माझे पाय जरा अडखळतात. थोडं सांभाळून घ्या.

१९९९ साली एका दुपारी स्टाफरूममध्ये माझं घड्याळ बंद पडलं असं मला वाटलं. काढलं, डाव्या कानाला लावलं — टिकटिक नाही. किल्ली दिली, हलवलं, परत लावलं. नाही. मग सहज उजव्या कानाला लावलं, तर दूरवर काहीतरी चाललेलं. काटाही फिरत होता. घड्याळ धड होतं. मी ते मनगटावर बांधलं आणि सातवीच्या तासाला निघून गेलो. कुणाशी बोललो नाही.

कान कशानं गेले ते मला ठाऊक होतं. मी नवेगाव बांधाकडचा. आमच्या बांध्यांत धान पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची, म्हणून घरी आजोबांची ठासणीची बंदूक होती, नंतर वडिलांची बारा बोअर आली. मी चौदा-पंधरा वर्षांचा असल्यापासून चालवली. कानात कधी कापसाचा बोळा घातला नाही. बोळा घालणं म्हणजे घाबरणं, अशी आमची समजूत.

आणि सांगितलं का नाही? माझे एक काका बहिरे होते. अख्खं गाव त्यांना ‘भैरा’ म्हणायचं. चार माणसं पारावर बसून त्यांच्यावरच विनोद करायची आणि काका त्यांच्याबरोबर हसायचे — कशावर हसतोय ते न कळता. ते हसू मी लहानपणापासून पाहिलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी मूठ झाकली. हे कारण आहे. याच्या आड मला लपायचं नाही.

तर आता क्लब. तिरोड्याहून बोदलकशाकडे जाताना बंद पडलेल्या वीटभट्टीची जागा होती, तिथं पाच-सात हौशी माणसांनी मिळून तो काढला. समोर मातीचा उंच बांध, मशीन मातीची तबकडी हवेत उडवायची, आणि आपण ती बारा बोअरनं फोडायची. उभं राहायला एक टिनाची शेड, तीन बाजूंनी विटांची भिंत. बार उडाला की आवाज त्या टिनावर आदळून परत डोक्यावर यायचा. म्हणजे बाकीच्यांच्या डोक्यावर. मला ती शेड छान वाटायची.

क्लबाचे सेक्रेटरी एक शेठजी होते, राइस मिलवाले. एका पावसाळ्यानंतर ते म्हणाले की कापसाचे बोळे पुरे झाले, आता कानाला नीट काहीतरी घेऊ. त्यांनी नागपूरहून तीन नमुने मागवले. स्पंजाच्या गोळ्या, कानात दाबून बसवायच्या. काळे, जाडजूड हेडफोन — आम्ही त्यांना हेडफोनच म्हणायचो, पण त्यांतून गाणी येत नाहीत, उलट आवाज अडतो. आणि तिसरे निळे, हलके, दिसायला देखणे. काळ्यांच्या खोक्यावर ते किती आवाज अडवतात त्याचा आकडा छापलेला होता. निळ्यांच्या खोक्यावर आकडा नव्हता, एक गोरा माणूस हसत होता.

“मास्टरजी, फैसला आपका,” शेठजी म्हणाले. “आम्हाले काय समजते यातलं?”

सगळे शेडमध्ये जमले. शेठजी बंदूक घेऊन उभे राहिले आणि मी तीन पावलांवर. स्पंजाच्या गोळ्या घातल्या — बार उडाला, काही नाही. काळे घातले — काही नाही. निळे घातले — काही नाही. छातीला हलका धक्का जाणवायचा, कानाला काहीच नाही. डावा गेलेला, उजवा निम्मा. कानांवर नुसते हाताचे पंजे ठेवले असते तरी मला तेवढीच शांतता मिळाली असती. तिन्ही वस्तू मला सारख्याच उत्तम वाटल्या.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी — काय सांगू — वरणातलं मीठ बघणाऱ्या माणसासारखा चेहरा केला. डोळे मिटले, मान हलवली, दोनदा निळे, एकदा काळे, परत निळे. मग निकाल दिला. काळे जड आहेत, गाल टेकवला की बंदुकीच्या दस्त्यावर आपटतात, नेम बिघडतो. निळेच घ्या. शेठजींनी खोक्यावरचा आकडा दाखवला तर मी म्हणालो, “आकड्यावर जाऊ नका, शेठजी. कानावर जा.”

हे वाक्य माझंच आहे. त्यावर लोकांनी माना डोलावल्या होत्या.

क्लबात शिकायला येणारी योगिता तेव्हा माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिला नुसतं म्हटलं असतं — पोरी, तू घालून बघ आणि सांग — तर पाच मिनिटांत खरं-खोटं झालं असतं. मी का नाही म्हटलं? कारण मग त्यांनी विचारलं असतं, सर, तुम्हाला कसं नाही कळलं?

योगिता म्हणजे पटल्यांची मुलगी, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. वडील धानाची शेती करणारे, पोवार समाजातले, कमी बोलणारे. ती दर रविवारी अकरा किलोमीटर सायकल मारत यायची. तिला पोलीस व्हायचं होतं, लहानपणापासून तेवढंच. क्लबातले बाकीचे महिन्याला दहा बार उडवून चहा प्यायला बसायचे. ती एका रविवारी पन्नास-साठ काडतुसं चालवायची. माझी सगळ्यांत चांगली शिष्या. केस दाट, तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या, आणि त्या वेण्यांवर निळा हेडफोन नीट बसायचाच नाही. हे मला आता दिसतं. तेव्हाही दिसत असणारच.

पहिल्याच रविवारी ती म्हणाली, “सर, यातून आवाज येऊन राह्यला जी.”

“येत नाही. मी स्वतः घालून पाहिलं.”

महिन्याभरानं ती डावा कान चोळत आली. संध्याकाळवरी कानात शिटी वाजून राह्यते, म्हणाली. मी सांगितलं, मळ असेल, तेल टाक.

तिसऱ्यांदा ती काही बोलली नाही. तिनं आपली आपणच हेडफोनखाली कापूस घालायला सुरुवात केली होती. मला तो दिसला. मी सगळ्यांसमोर तिच्या कानातला बोळा काढला, जमिनीवर टाकला आणि तिच्याच बोलीत म्हणालो, “बंदुकीले भेतेस त आलीस कायले? शिवणक्लास लाव.” लोक हसले. तीही हसली. माझे काका हसायचे तशी.

इतका राग मला का आला होता? आवाज येतो असं ती म्हणत होती, आणि मला येत नव्हता. दोघांपैकी एकाचं खोटं ठरणार होतं. मी ते तिचं ठरवलं. तिनं परत कधी तक्रार केली नाही. तीन वर्षं ती त्याच निळ्या हेडफोनमध्ये बंदूक चालवत राहिली, दोन मेडल आणली, आणि मेडल गळ्यात घालून माझ्या पाया पडली.

भरतीत ती धावण्यात पास झाली, लेखीतही झाली. वैद्यकीय तपासणीत डावा कान बाद निघाला. त्यातून मोठे आवाज तेवढे ऐकू येत होते, बारीक काहीच नाही. तिथंच संपलं.

दोन दिवसांनी बाप-लेक माझ्या घरी आले. ओसरीवर बसले. बायकोनं चहा ठेवला, तो तसाच निवत राहिला. योगिताचे वडील म्हणाले, “लहानपणी हिले गोवर निंगाला होता जी. तवाचंच असन.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, शिकलेल्या माणसाकडे पाहतात तसं.

“असेल,” मी म्हणालो. “गोवरानं कान जातात.”

मग योगितानं विचारलं. खाली बघून, हळू, पण तिच्या ओठांवरून मला सगळं कळलं. “सर, बंदुकीचं नसन न?”

हीच ती जागा. इथवर यायला मला इतकी पानं लागली. ती विचारत होती. दार उघडून उभी होती. मला फक्त एक शब्द बोलायचा होता, तोही ‘हो’सारखा लहान.

“नाही गं,” मी म्हणालो. “तू तर हेडफोन घालून होतीस.”

तिनं मान हलवली. तिला बरं वाटलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. आपल्या बंदुकीनं आपला घात केला नाही, याचं तिला बरं वाटलं. जाताना दोघंही पाया पडले. त्यानंतर मी क्लबात जाणं कमी केलं आणि कंबरेचं दुखणं सांगून सोडलंच. बाकीच्यांच्या कानांचं काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

योगिता तिरोड्यातच दिली. ती शिवणक्लास चालवते. हो — शिवणक्लास. तिला माझं ते वाक्य आठवतं का, ठाऊक नाही. मला आठवतं. सणावाराला ती येते, मुलांना माझ्या पायांवर घालते, आणि बाकावर माझ्या उजव्या हाताला बसते, कारण तिनं केव्हाच ओळखलं की मला त्या बाजूनं बरं कळतं. पण तिथं बसलं की मी तिच्या डाव्या कानाशी येतो. मग माझं बोलणं ऐकायला तिला अख्खी मान वळवावी लागते. जागा बदल म्हटलं तर म्हणते, “राहू द्या न सर, तुमाले त्रास होते.”

निवृत्तीनंतर कान तपासायला तीच मला घेऊन गेली. म्हणाली, वय झालं तुमचं, मशीन लावू. फॉर्म तिनंच भरला. नाव, वय, गाव. मग पेन थांबवून विचारलं, “सर, केव्हापासून कमी येते?”

परत एकदा दार उघडलं होतं. मी म्हणालो, “आत्ताआत्ता. वर्ष झालं असेल.”

तिनं तसंच लिहिलं.

मशीन लागली आणि घर एकदम बोलू लागलं. माझ्याच चपला, नळ, पंखा. चौथ्या-पाचव्या दिवशी, दुपारची वेळ होती, मी ट्रंक उघडली. क्लब सोडताना त्यांनी आठवण म्हणून मला एक निळा हेडफोन दिला होता, आणि नमुन्याचा काळाही माझ्याचकडे राहिला होता. बायकोला म्हटलं, अंगणात उभी राहा आणि बेलण्यानं स्टीलची परात वाजव.

“काऊन जी?”

“वाजव तू.”

आधी काळा घातला. कानातली मशीन जरा चिरकली, मग शांत झाली. बायकोचा हात वर-खाली होताना दिसत होता. आवाज मात्र गादीवर बुक्की मारल्यासारखा, कुठंतरी लांब. मग निळा घातला.

परात वाजत होती. स्वच्छ, टणटण, जशी अंगणात वाजत होती तशीच.

मी तिला आणखी दोनदा वाजवायला लावली. “वेडे झाले का तुमी?” ती म्हणाली, आणि तेही मला निळ्यातून सगळं ऐकू आलं.

योगिताचा कान गोवरानं गेला नाही. आवाज येत होता. पहिल्या रविवारपासून येत होता.