पटले सरांच्या बीन्स

चार माणसं रोज एका खोलीत बसली की किस्से जमतातच, जमवावे लागत नाहीत. खोली सुटली की मग कळतं, आपल्याकडे किती साठलेत ते! मी आता नागपुरात जावा प्रोग्रामिंगचं काम करतो. परवा एक जुना प्रोजेक्ट उघडला, तर आत लांबलचक एक्सएमएल फाइल निघाली. तासभर मी एक अक्षर टाइप केलं नाही. गोंदियातला पटले सरांचा क्लास आठवत बसलो.

सर पुण्याची नोकरी सोडून गावी परतलेले. किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत आम्हाला स्प्रिंग शिकवायचे, म्हणजे जावाचं एक फ्रेमवर्क, प्रोग्रामचा तयार सांगाडा. आम्ही तिघंच. तिरोड्याची मंजू, गोंदियाचा विलास, आणि गोंदियाजवळच्या गोरेगावहून एसटीने येणारा मी.

*

स्प्रिंगमध्ये प्रोग्रामला लागणाऱ्या वस्तू आपण स्वतः बनवत नाही. बनवणं, सांभाळणं, ज्याला हवी त्याला नेऊन देणं, सगळं फ्रेमवर्क करतं. अशा सांभाळलेल्या वस्तूला म्हणतात बीन.

हे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाबांनी ताटातून मान वर केली.

"काऊन रे, गोंदियाले जाऊन बीन वाजवाले शिकून राहिला का?"

"नाही बाबा, कॉम्प्युटरातली बीन."

"वाजवाची बी शिकून घे. नाग तं आपल्याच धानाच्या बांधीत निघते!"

*

सरांनी आधी जुनी पद्धत शिकवली. प्रत्येक बीन एक्सएमएल फाइलमध्ये हाताने लिहायची. "लग्नाची यादी समजा," सर म्हणाले. "यादीत नाव, तर पंगतीत पान!"

विलास दोन दिवस खपला, पण प्रोग्राम काही चालेना. शेवटी सापडलं. एका क्लासच्या, म्हणजे कोडमधल्या बीनच्या साच्याच्या, नावात एक अक्षर चुकलं होतं.

"एका अक्षरासाठी पाहुण्याले उपाशी ठेवता का जी, सर?"

"मी कायले ठेवू? स्प्रिंग ठेवते. तिला नातेवाईक नाहीत!"

*

मग आली नवी पद्धत. यादी बंद. क्लासच्याच माथ्यावर 'कंपोनंट' असा बिल्ला लावायचा. फ्रेमवर्क नेमून दिलेल्या पॅकेजात, म्हणजे कोडच्या फोल्डरात, फिरतं आणि बिल्लेवाले गोळा करतं.

विलासने बिल्ला लावला, तरी बीन सापडेना. त्याने क्लास भलत्याच पॅकेजात ठेवला होता.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे, बिल्ला लावून तू बोदलकसाच्या तलावावर जाऊन बसला, अन् स्प्रिंग तुला गोंदियात ढूंढून राहिली!"

*

तिसरी पद्धत दुसऱ्याने लिहिलेल्या क्लाससाठी. त्याच्या कोडला हात लावता येत नाही, मग बिल्ला कुठून लावणार? आपणच एक मेथड लिहायची, त्यात ती वस्तू तयार करून फ्रेमवर्कच्या हाती द्यायची.

सर फळ्यावर अर्धा तास समजावत होते. मंजू शांतपणे म्हणाली, "म्हणजे जावई, सर. परक्या घरचा. हुकूम चालत नाही, आपणच जाऊन मानाने आणावा लागते."

सरांनी फळा पुसून टाकला. शिकवण्यासारखं काही उरलंच नव्हतं!

ती खोली आता बंद असते. गोंदियाला गेलो की त्या रस्त्यावर मान आपोआप वर जाते.

*

क्लासच्या डेमोला आम्ही घरच्यांना बोलावलं होतं. लॉगिनचा भाग माझा. विलासचे बाबा लॉगिन करून आत आले, तर स्क्रीनवर 'नमस्कार, मंजू!' विलासची आई आली, 'नमस्कार, मंजू!' खुद्द पटले सर आले, तरी 'नमस्कार, मंजू!'

चूक साधी होती. चाचणीसाठी बीनमध्ये एक नाव टाकलं होतं, ते काढायचं राहिलं. आणि बीन सगळ्यांना मिळून एकच असते.

"नाव काढायचं विसरला, समजलं," सर म्हणाले. "पण विलासचं नाव काऊन नाही टाकलं?"

मंजू खिडकीबाहेर पाहत होती. कान लाल झाले होते. माझे!

*

एकाच प्रकारच्या दोन बीन्स असल्या की फ्रेमवर्क गोंधळतं. मग एकीवर 'प्रायमरी', म्हणजे आधी हीच, असं लिहावं लागतं. हे शिकलो त्याच आठवड्यात मंजूला दोन स्थळं आली. घरचे म्हणाले, एक निवड. तिने दोन्ही बायोडाटा बाबांना परत दिले.

"प्रायमरी नोकरी आहे, बाबा."

तिचे बाबा दोन दिवस ते बायोडाटा उलटसुलट वाचत बसले. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या मुलाखतीसाठी तिचं तिकीट त्यांनीच काढून आणलं.

*

मंजूला नोकरी लागली. क्लासच्या शेवटच्या दिवशी मी तिला स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. तिरोड्याची गाडी लागलेली होती. मी डब्यांचे नंबर वाचत होतो. तिनेच विचारलं,

"लेझी बीन म्हणजे काय रे? सरांचं डोक्यात नाही गेलं."

मला बरं वाटलं. हे मला येत होतं! मी सगळं नीट समजावलं. बाकीच्या बीन्स प्रोग्राम सुरू होतानाच तयार होतात. ही होत नाही. कोणीतरी पहिल्यांदा मागितली, की तेव्हा बनते.

"अन् कोणी मागितलीच नाही तर?"

"तर बनतच नाही. मेमरी वाचते."

 तिने बॅग खांद्याला लावली आणि ती डब्यात चढली.

"वाचव मंग मेमरी," ती म्हणाली.