पिवळ्या रबराची पिशवी

लामाईच्या हातगाडीवरची शेगडी पेटली की नदीकाठचा बाजार जागा व्हायचा. नारळाच्या दुधात मुरवलेलं डुकराचं मांस ती बांबूच्या काड्यांवर खरपूस भाजायची आणि सोबत चिकट भाताची पुडी द्यायची. हाताला चव होती, गिऱ्हाईक तुटून पडायचं. पण बाई महा बेरकी. कालच्या उरलेल्या काड्या पुन्हा निखाऱ्यावर धरून ती लोक भिक्षूंना वाढायला विकत घेत त्या पिशव्यांत भरायची. ताज्या पिशवीच्या तोंडाला लाल रबर, शिळीला पिवळं.

"आई, हे बरं नव्हे," मुलगा वीरोत पिशव्या बांधता बांधता म्हणायचा.

"भिक्षू काय भांडायला येणारेत? पडेल ते मुकाट खातात."

यंदा आईला पुण्य लागावं म्हणून वीरोतनं भातगिरणीतून रजा काढली, डोकं भादरलं आणि वर्षावासाच्या तीन महिन्यांपुरतं भिक्षूचं चीवर घेतलं. लामाईने हौसेनं गावजेवण घातलं. पिवळं रबर काही तिला आठवलं नाही.

त्याची भिक्षेची फेरी विहारापलीकडच्या गल्लीत असायची. एका सकाळी मात्र तो अनवाणी, पात्र घेऊन नेमका आईच्या गाडीकडे वळला. निवृत्त शिक्षिका विलाई तेव्हा गाडीपाशीच होत्या. त्यांनी विकायला मांडलेल्या ताटातली एक पिशवी उचलली.

"आज तुझ्याच लेकाला वाढते गं लामाई."

रबर पिवळं होतं. 'थांबा, ती शिळी आहे' एवढंच लामाईला म्हणायचं होतं. पण मागे गिऱ्हाइकांची सगळी रांग उभी.

"घाला ना बाई, घाला," ती म्हणाली.

वीरोतनं पात्राचं झाकण उघडलं. आत पडलेल्या पिशवीकडे पाहिलं आणि झाकण लावलं. आईकडे त्याने पाहिलं नाही. दोघी गुडघ्यांवर बसल्या आणि तो आशीर्वाद म्हणू लागला: आयुष्य, कांती, सुख, बळ.

"नशीबवान आहेस हो," विलाई म्हणाल्या. लामाईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दुसऱ्या दिवशी शेगडीवरच्या पहिल्या काड्या तिने बाजूला काढल्या, लाल रबर लावलं, विहारापलीकडची गल्ली गाठली आणि स्वतःच्या हाताने पिशवी पात्रात ठेवली. वीरोतनं आशीर्वाद म्हटला. शब्द तेच होते, आवाजही तोच. काल शिळ्या मांसाच्या बदल्यातही त्याने आशीर्वाद तसूभर कमी दिला नव्हता.

तो पुढे गेला तरी लामाईने जोडलेल्या हातांवरचं डोकं वर केलं नाही.